एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल नाही म्हणतंय, स्टार्ट मेनू पण उघडंना. फॉर्मेट न मारता जमंल काय?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. घरचा पीसी हाय, २०१५ ला बेळगावातनं असेंबल करून आणलेला, आय३ चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क, विंडोज १०. आमच्याकडं पावसात लाईटीचं काय असतंय ते तुम्हाला सांगायला नको, दिवसात चारदा जाते चारदा येते. गेल्या आठवड्यात पीसी अपडेट घेत बसलेला, ३५ टक्क्यावर होता, बंद करू नका म्हणून लिहून येतंय ना तो पडदा, आणि तेवढ्यात कडाडून एक वीज झाली की सगळं काळं. यूपीएस हाय, पण त्याची बॅटरी मरून दोन वर्षं झाली, आता त्याच्यावर बायको मनीप्लांटची बाटली ठेवते.

त्या दिवसापासनं स्टार्टवर क्लिक केलं तर काय होतच नाही, सेटिंग उघडते आणि लगेच मिटते. पोरीचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं की एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल वॉज नॉट फाउंड. मग मी शोधून एका साईटवरनं ती फाईल उतरवली, सिस्टम३२ मध्ये नेऊन टाकली, तर तो एरर गेला आणि दुसराच आला, ०एक्ससी०००००७बी असा कायतरी.

बाजारात एका दुकानात नेला तर त्यानं पुरता चालू पण करून बघितला नाही, "फॉर्मेट मारूया, ६०० रुपये". डेटा म्हटलं तर "सी ड्राइव्हचं जाणार की ओ". आता डेस्कटॉपवरच बायकोच्या बचत गटाचा तीन वर्षाचा हिशोब एक्सेलमध्ये हाय आणि गावच्या लक्ष्मी यात्रेचे फोटो हायत. बॅकअप घेतलाय काय म्हणून विचारू नका, हसाल. परत घेऊन आलोय घरी.

निपाणी_कट्टा
मर्दा ६०० रुपयात सुटतोयस तर मार की फॉर्मेट. हिशोब काय, बायका तोंडपाठ सांगतील कुणी किती बुडवलंय ते 😄

शहापूर_रिपेरी
निपाणीवाले, तुम्ही चहा घ्या.

खानापूरकर दादा, तुमची दोन दुखणी हायत आणि तुम्ही एकच समजून बसलाय. डीएलएलचं वेगळं, स्टार्ट मेनूचं वेगळं.

पहिलं डीएलएल, म्हणजे सॉफ्टवेअरला चालायला लागणारी मदतीची फाईल. ही एमएसव्हीसीपी१४० विंडोजची स्वतःची फाईल नव्हे, मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल म्हणून एक पॅकेज असतंय त्यातली हाय, ज्या सॉफ्टवेअरला लागते ते आपल्याबरोबर टाकून घेतंय. अशी सुटी फाईल कुठल्यातरी साईटवरनं उचलून टाकायची नसते ओ, त्यात काय मिसळलेलं असंल कुणाला ठाऊक. आणि तुम्हाला तो ७बी वाला एरर आला तो बहुतेक ३२ बिट ६४ बिटच्या गोंधळाचा. ह्यात एक गंमत हाय, ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटच्या फाईली असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटच्या. नावं उलटी. तुम्ही ३२ ची फाईल सिस्टम३२ मध्ये टाकली असणार, माझ्याकडं येणारी निम्मी गिऱ्हाईकं तेच करून येतात. ती फाईल आधी काढून टाका, मग मायक्रोसॉफ्टच्याच साईटवरनं २०१५-२०२२ चं रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या, एक्स८६ (३२ बिटचं) आणि एक्स६४ (६४ बिटचं) दोन्ही, एकच नको. रीस्टार्ट. पोरीचं सॉफ्टवेअर चालू झालं पाहिजे.

आता स्टार्ट मेनू. अपडेट चालू असताना लाईट गेली म्हणजे काही फाईली अर्धवट लिहिल्या गेल्या. पण त्याला हात लावायच्या आधी हिशोब आणि फोटो पेन ड्राइव्हवर घ्या. आत्ता. बाकीचं मग वाचा.

घेतलं? मग कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर, फाईल, रन न्यू टास्क, तिथं सीएमडी लिहायचं आणि खाली ॲडमिनची टिक मारायची. स्टार्ट उघडत नसला तरी हा रस्ता चालतो. काळ्या खिडकीत पहिल्यांदा डिझम, स्पेस, स्लॅश ऑनलाईन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. ते संपलं की एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. इंग्रजी अक्षरातच टाकायचं बरं का, मी इथं कानानं लिहिलंय. लोक एसएफसीच आधी मारतात आणि दुरुस्त होत नाही म्हणून ओरडतात. एसएफसी बिघडलेल्या फाईलच्या जागी चांगली कॉपी आणून ठेवतंय, पण ती कॉपी आणतंय विंडोजच्याच कोठारातनं. कोठारातलंच भात किडलेलं असलं तर ताटात काय येणार? म्हणून आधी डिझमनं कोठार नीट करायचं, ते विंडोज अपडेटवरनं चांगल्या फाईली ओढतंय, नेट लागतंय.

डिझम ६२.३ टक्क्यावर बराच वेळ अडकल्यासारखं दिसंल. अडकलेलं नसतंय. बंद करू नका, जेवून या.

खानापूरकर
दादा तुमच्या तोंडात साखर. डीएलएलचं दहा मिनिटात झालं, पोरगी खूश. हिशोब पण पेन ड्राइव्हवर घेतला. फोटो कॉपी करताना मात्र मधेच थांबतंय, एकेका फोटोवर दोन दोन मिनिटं. डिझम लावलं, ६२.३ वर खरंच थांबलं की, मी जेवून दूध घालून आलो तरी तिथंच, मग शेवटी ०एक्स८००एफ०८१एफ, सोर्स फाईल्स मिळाल्या नाहीत म्हणालं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हाय नेट, त्यामुळं असंल काय?

चिकोडीची_ताई
हॉटस्पॉटमुळं पण होतं, पण हा एरर म्हणजे त्याला पाहिजे ती फाईल मिळालीच नाही. आमच्या ऑफिसच्या मशीनला झालेलं. मायक्रोसॉफ्टच्या साईटवरनं विंडोज १० ची आयएसओ, म्हणजे अख्ख्या विंडोजच्या सीडीची एकच फाईल, ती घ्या, तुमच्याकडं जी आवृत्ती आणि भाषा हाय तीच, ५-६ जीबी असते, तेवढ्यासाठी बेळगावात कुणाकडं वायफाय असंल तर तिथनं उतरवा. डबल क्लिक केली की सीडी घातल्यासारखी नवीन ड्राइव्ह दिसते. तिच्या सोर्सेस फोल्डरात इन्स्टॉल.विम किंवा इन्स्टॉल.ईएसडी असते, कुठली हाय ते बघून घ्या, मी विम विम करत अर्धा तास घालवला आणि आत होती ईएसडी. मग त्याच डिझमच्या कमांडला पुढं सोर्स म्हणून त्या फाईलचा पत्ता आणि होम की प्रो त्याप्रमाणं आतला नंबर द्यायचा, आणि शेवटी स्लॅश लिमिटॲक्सेस, म्हणजे ते परत नेटवर शोधत बसत नाही.

नाहीतर सरळ त्या आयएसओतलं सेटअप चालवा आणि फाईली व ॲप ठेवा हा पर्याय निवडा. विंडोज वरच्यावर नवीन बसतं आणि आपलं सामान जागच्या जागी राहतं. दुकानदारांना हे माहीत असतं, पण फॉर्मेट मारायला वेळ कमी लागतो ना.

आणि एक, ॲन्टीव्हायरसनं काही फाईली अडकवून ठेवल्यात काय तेही बघा. कुणी फुकटातलं क्रॅक सॉफ्टवेअर टाकून दिलं असंल तर त्याची डीएलएल तिथं सापडते, आणि ती तिथंच राहू दे.

शहापूर_रिपेरी
ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, पण थांबा. सेटअप वगैरे काही चालवू नका अजून.

एकेका फोटोला दोन मिनिटं हे मला आवडलं नाही. साध्या पीसीवर साधा फोटो कॉपी व्हायला डोळ्याची पापणी लवायचा वेळ लागतो. पीसीच्या डब्याला कान लावून बघा, आतनं कट्... कट्... असा आवाज येतोय काय? क्रिस्टलडिस्कइन्फो म्हणून डिस्कची तब्येत सांगणारं फुकट सॉफ्टवेअर हाय, ते टाका आणि वरचा रंग कुठला हाय तो सांगा. त्यात ०५, सी५ आणि सी६ ह्या डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळींच्या शेवटच्या खान्यात शून्याशिवाय दुसरं काय हाय काय?

आणि कुणी चेकडिस्क स्लॅश आर मारा म्हणून सांगितलं तर आत्ता मारू नका. ते अख्खी डिस्क घासून वाचत बसतंय, मरणाऱ्या डिस्कला तेवढं पुरंल.

निपाणी_कट्टा
लिनक्स टाकून बघा की, डीएलएलच नसते तिथं.

चिकोडीची_ताई
@निपाणी_कट्टा बचत गटाच्या मीटिंगला तुम्ही येऊन शिकवणार काय?

खानापूरकर
रंग पिवळा, कॉशन लिहिलंय. ०५ मध्ये शून्यच, पण सी५ मध्ये शेवटाला २ए असं काय तरी. आवाज येतोय ओ. मी आपलं फॅनचा म्हणून सोडून दिलेला, पोरगी म्हणते तो तर दिवाळीपासनं येतोय!

शहापूर_रिपेरी
आयतु मग. ते आकडे हेक्सात, म्हणजे दहाच्या ऐवजी सोळाच्या मोजणीत असतात, २ए म्हणजे ४२. बेचाळीस जागा अशा हायत की डिस्कला त्या नीट वाचता येईनात. विंडोजच्या फाईली त्या दिवशीच्या विजेनंच गेल्या असं नाही, आधीपासनंच एकेक सडत होत्या, विजेनं फक्त शेवटचा धक्का दिला. ह्या डिस्कवर सेटअप मारलं असतं, त्या दुकानात फॉर्मेट मारलं असतं, तरी दोन आठवड्यात परत तेच रडगाणं, आणि ते ६०० गेले ते गेलेच.

आता पीसी बंद करा. चालू करून उगाच बघत बसू नका. २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, आत फिरणारी चकती नसलेली) घ्या, केबल जुनीच चालते. तिच्यावर विंडोज ताजं टाका, मग जुनी डिस्क दुसऱ्या केबलला लावून आधी पाहिजे तेवढेच फोटो काढा, सिनेमे-गाणी शेवटी. जे फोटो वाचेनात ते सोडून पुढं जा, एकाच फोटोवर हट्ट धरू नका.

तुमच्या आय३ वर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, एवढं डोक्यात ठेवा. बँकेची कामं त्याच्यावर नकोत. हिशोब आणि पोरीच्या ड्रॉइंगला काय हरकत नाही.

आणि यूपीएसची बॅटरी बदला. मनीप्लांट खिडकीत ठेवायला सांगा वहिनींना.

खानापूरकर
रविवारी बेळगावला जाऊन एसएसडी आणली, भाच्यानं बसवून दिली. पीसी आता स्टार्टवर बोट ठेवायच्या आत उघडतोय. फोटो ४०० वर होते, बहुतेक सगळे आले, अकरा आलेच नाहीत आणि चार अर्धे आलेत, वर रथ आणि माणसं दिसतात, खाली सगळं राखाडी. त्यातला एक आईचा हाय, देवीपुढं ओटी भरताना, तोंड आलंय, हात गेलेत. तेवढा कुठल्या सॉफ्टवेअरनं नीट होतोय काय दादा? मूळ मोबाईल विकून टाकला.

शहापूर_रिपेरी
फाईलमध्ये जो भाग आलाच नाही तो कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. पण यात्रेत तुमच्या शेजारी उभं राहून फोटो काढणारं कोणतरी असंलच की. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून बघा. जुनी डिस्क टाकू नका तोवर.