विषय: बालविभागाचा रहस्यपट – 'एनोला होम्स' पहिला की दुसरा?

सप्रेम नमस्कार मंडळी,
पुढच्या बैठकीसाठी मोठ्या गटातल्या मुलींनी हट्ट धरलाय, की रहस्यपट हवा आणि डिटेक्टिव्ह मुलगीच हवी. 'एनोला होम्स'चे दोन्ही भाग पुढे आले आहेत. मुलं बारा ते पंधरा वर्षांची आहेत. कुठला घ्यावा?
– बालविभाग

---

ताई, नमस्कार.
माझं मत ठामपणे दुसऱ्या भागाला, म्हणजे २०२२ च्या. पहिलाही छान आहे. शेरलॉकची धाकटी बहीण हरवलेल्या आईला शोधत लंडनला येते, मागे १८८४ च्या मतदान सुधारणेचा वाद चालू असतो, आणि एनोला झालेली मिली बॉबी ब्राउन मधूनच कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशी बोलते ते मुलांना फार आवडतं. पण दुसऱ्या भागातलं कोडं खऱ्या घटनेवर उभं आहे, आणि ती घटना आपल्या पूर्व लंडनमधली आहे.

एनोला स्वतःची कचेरी थाटते. येणारा प्रत्येक जण तिचं वय बघतो, 'तुमचे बंधू कुठे भेटतील?' असं विचारतो आणि निघून जातो. शेवटी काडेपेटीच्या कारखान्यात काम करणारी एक चिमुरडी येते. तिची बहीण सारा चॅपमन बेपत्ता आहे. एनोला कामगार बनून कारखान्यात शिरते. तिथल्या मुली तापाने मरतायत असं सगळे सांगतात, पण खरं कारण काडीच्या गुलात दडलेलं असतं. आपल्या मुलांनी काडेपेटी देवघरात पाहिलीय. त्या काडीपायी कुणाचा जीव जात होता हे त्यांना कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सारा चॅपमन ही खरी व्यक्ती. जुलै १८८८ मध्ये बो भागातल्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या सुमारे १,४०० बायका-मुली संपावर गेल्या, त्या संपाच्या पुढाऱ्यांपैकी ती एक. आधीच तुटपुंजी मजुरी, त्यात बोललं म्हणून दंड, पाय मळलेले म्हणून दंड. जेवायला वेगळी जागा नाही, त्यामुळे काडीच्या गुलातल्या पांढऱ्या फॉस्फरसचे कण भाकरीबरोबर पोटात जायचे. जबड्याचं हाड सडायचं. दोन-तीन आठवड्यांत मालकांनी नमतं घेतलं, दंड बंद झाले आणि मुलींची संघटना उभी राहिली.

या मुलींची कैफियत जूनमध्ये छापून आणणारी बाई कोण, माहीत आहे? ॲनी बेझंट! टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीग काढली आणि त्याच वर्षी बाईंनी आपली वेगळी लीग काढली, हे आपण शाळेत घोकलं. त्याच बाई अठ्ठावीस वर्षं आधी बोमधल्या पोरींसाठी लिहीत होत्या. मला हा धागा फार मोलाचा वाटतो.
– बोजवळ राहणारा एक सभासद

---

काका, माहितीबद्दल आभार, पण दोन शंका. सिनेमात एका मुलीला भोसकतात आणि ती एनोलाच्या समोर प्राण सोडते; माझी धाकटी रात्रभर झोपली नाही. दुसरं, सिनेमावाले इतिहासात बरंच काही घुसडतात. मुलं तेच खरं धरून बसली तर?
– ईलफर्डची एक आई

---

ताई, पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर. बारा वर्षांखालच्या भावंडांना यात बसवू नये.

दुसऱ्याबद्दल: हो, बरंच बदललंय. कारखान्याला लायन हे बनावट नाव आहे. सिनेमात घातक फॉस्फरस नव्यानेच वापरात आलेला दाखवलाय. प्रत्यक्षात तो १८३० च्या दशकापासूनच आगकाड्यांत होता आणि ब्रिटनमध्ये त्यावर बंदी यायला १९१० उजाडलं. संपाची ठिणगीही सिनेमातल्यासारखी चोरलेल्या कागदांमुळे पडली नाही, एका कामगार मुलीला काढून टाकल्यावर पडली. एनोलाला जुजुत्सू (जपानी कुस्तीचा प्रकार) शिकवणाऱ्या ईडिथवरून एडिथ गॅरड आठवते. मताधिकाराच्या लढ्यातल्या बायकांना ती हे डावपेच शिकवायची, पण विसाव्या शतकात. १८८८ मध्ये ती जेमतेम सोळा वर्षांची होती.

म्हणूनच मुलांना हेच काम द्यावं: सिनेमात काय खरं आणि काय रचलेलं, ते त्यांनीच हुडकून काढायचं. फेअरफील्ड रोडवरची कारखान्याची इमारत अजून उभी आहे. तिथे आता फ्लॅट झालेत, आणि संपाची आठवण म्हणून निळी पाटी लावलीय. बो रोड स्टेशनपासून चालत जाता येतं, मी सोबत येईन.
– बोवाला

---

मंडळी,
दुसरा भाग नक्की. मात्र स्ट्रीमिंगची वर्गणी घरगुती वापरापुरती असते, त्यामुळे हॉलमध्ये दाखवता येणार नाही. प्रत्येकाने घरी, पालकांसोबत बघावा. बैठकीत नुसती चर्चा, आणि त्यानंतरच्या शनिवारी बोची फेरी. फेरीला येणाऱ्यांनी मुलांची संख्या याच मेलला उत्तर देऊन कळवावी. काका, ॲनी बेझंट यांच्यावर दहा मिनिटं तुम्हीच बोलाल का?
– बालविभाग