मदत हवी आहे: जुने कॉम्प्युटर स्पीकर गाणं चालू असतानाच झोपतात, ऑटो स्लीप बंद कसं करू?

नमस्कार मंडळी, नाशिकला सिडकोत राहतो. घरी दहा-एक वर्षं जुना टू पॉइंट वनचा सेट आहे, एक वूफर दोन छोटे डबे, आवाज अजून एकदम खणखणीत. प्रॉब्लेम असा की बाबा पहाटे साडेपाचला कॉम्प्युटरवर गाणी लावतात (त्यांनी स्वतः कॅसेटवरून उतरवून घेतलेली), भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले म्हणून अगदी बारीक आवाजात, आणि पंधराएक मिनिटं झाली की वूफरमधून 'टक्' असा आवाज येतो, निळी लाइट लाल होते आणि सगळं गप्प. ललत रागाचा आलाप रंगात आला की हमखास. मग बाबा उठून बटण दाबणार, परत पंधरा मिनिटांनी तेच.

विंडोजचं स्लीप बंद केलं, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाकला, यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद केलं, नंतर लक्षात आलं की स्पीकर यूएसबीवर नाहीच, मागच्या हिरव्या सॉकेटला साधी पिन आहे 😅 शालिमारजवळ एका दुकानात दाखवला तर म्हणे नवीन घ्या, याचं काही होत नाही. चालू वस्तू का टाकायची? मागे स्विच वगैरे काही नाहीये, कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
आधी मोबाइल लावून बघ. तरी झोपला तर कॉम्प्युटरचा काही संबंध नाही, ही स्पीकरचीच करामत. युरोपात 2013 पासून नियम आहे की काम नसलं की वस्तूने आपोआप स्टँडबायला जायचं, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांनी ते सर्किट आतच टाकलं. ते आत येणारा सिग्नल बघत बसतं, ठरावीक पातळीच्या वर काही आलं नाही की त्याला वाटतं गाणं बंद आहे. तुझे बाबा आवाज कुठून कमी करतात, कॉम्प्युटरवरून की स्पीकरच्या नॉबवरून?

धागाकर्ता:
मोबाइलवर पण झोपला. आणि हो, कॉम्प्युटरवरून, नॉब कायम अर्ध्यावर असतो.

प्रतिसाद १:
मग तिथेच घोळ आहे. उलटं करा, कॉम्प्युटरचा आवाज 85-90 वर आणि नॉब खाली. त्याआधी एक टेस्ट कर, नॉब पूर्ण बंद आणि गाणं जोरात चालू, अर्धा तास सोड. लाइट निळीच राहिली तर सर्किट नॉबच्या आधीचा सिग्नल बघतंय, म्हणजे काम झालं.

प्रतिसाद २:
मी माझ्याकडे 20 हर्ट्झचा टोन बारीक आवाजात लूपवर ठेवतो, कानाला काही कळत नाही आणि स्पीकर जागा राहतो. पण वूफरचा पडदा हलताना दिसला तर लगेच लेव्हल कमी कर. काहीजण 19 किलोहर्ट्झ लावतात, तो वेव्ह फाइलमध्येच ठेवा, एमपीथ्री करताना एवढ्या वरचं बरंचसं कापलं जातं. घरात कुत्रं असेल तर मात्र हा उद्योग नको, त्याला स्वच्छ ऐकू येतं.

प्रतिसाद ३:
उघडून अँपच्या आयसीची (आवाज वाढवणाऱ्या चिपची) स्टँडबाय पिन कायमची चालूवर बांधता येते, पण त्या चिपची डेटाशीट (कंपनीचा माहितीचा कागद) बघूनच, प्रत्येक आयसीचं वेगळं असतं. आत 230 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे, प्लग काढला तरी मोठे कपॅसिटर भरलेले असू शकतात. सोल्डरिंगचा हात बसला नसेल तर राहू दे.

धागाकर्ता:
अपडेट. नॉबवाली टेस्ट पास, अर्धा तास निळी! आज सकाळी कॉम्प्युटर 90 वर ठेवला तरी वीस मिनिटांत झोपलाच, कारण बाबांनी प्लेअरमधला स्लायडर नेहमीसारखा तळाशी ठेवलेला. वर मध्येच विंडोजचं नोटिफिकेशन असं काही वाजलं की बाबांच्या हातातला चहा सांडला. आता प्लेअर पण वर, नॉब अगदी खाली घड्याळातल्या आठच्या जागी, आणि साउंड्समध्ये जाऊन नो साउंड्स केलंय. नंतर तासभर सलग वाजला. फक्त एवढ्या खाली नॉबवर डावा डबा उजव्यापेक्षा बारीक वाजतोय, हे पॉट (नॉबमागचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) साफ करून जाईल का?