वेंगुर्ल्यात आईबाबा एकटे, रात्री काही झालं तर सरकारी हॉस्पिटल की सरळ बांबोळी?

डोंबिवलीकर:
नमस्कार मंडळी. बाबा रिटायर झाले आणि दोघांनी वेंगुर्ल्याला गावच्या घरी राहायचं ठरवलंय, बाबांना बीपी, आईला शुगर, सांगून ऐकत नाहीत. रात्री दोनला काही झालं तर आधी गावातल्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं की डायरेक्ट गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात (गोवा मेडिकल कॉलेज)? मित्र म्हणतो गावात नेणं म्हणजे तास फुकट घालवणं. कोणाचा अनुभव?

काजूवाली:
मित्राला सांगा असं नसतं. माझ्या सासऱ्यांना मे महिन्यात गडग्याचे चिरे हलवताना फुरसं चावलं, आणि म्हणतात कसे "काय होवचा नाय, हळद लाव". तासाभरात हात कोपरापर्यंत सुजला, मग रिक्षात घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सिस्टरने साध्या काचेच्या ट्यूबमधे थोडं रक्त घेतलं, ट्यूब टेबलावर उभी ठेवली आणि घड्याळ बघत बसली, कोणाला हात लावू देईना. वीस मिनिटांनी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं! मशीन नाही काही नाही. लगेच सलाईनमधून सापाची लस, दहा बाटल्या, सहा तासांनी नवीन रक्त घेऊन परत तीच ट्यूबची टेस्ट. ही लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर एकच असते, त्यामुळे साप मारून पिशवीत घेऊन जायची गरज नाही (आमच्याकडे एकाने आणला होता, पळापळ झाली). बांबोळीला निघालो असतो तर निम्मा वेळ रस्त्यातच गेला असता.

मालवणचो झील:
साप, इंगळी, पाखट माशाचा काटा, ताप, सलाईन यासाठी सरकारीच, लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) दिवसात तर अजिबात वाट बघू नका. पण मित्र अगदीच चुकीचा नाही हो. माझ्या बहिणीचं सिझर करायची वेळ आली तेव्हा भूलतज्ज्ञच नव्हते, पहाटे १०८ मधून पुढे नेलं, आई रस्ताभर रडत होती. दवाखान्याचं नाव नाही घेत. तेव्हा आत्ताच जाऊन विचारून ठेवा, रात्री डॉक्टर कोण असतात, ईसीजी निघतो का. छातीत दुखलं तर आधी जवळच्या ठिकाणी ईसीजी आणि गोळी, मग ओरोसचं मोठं सरकारी हॉस्पिटल किंवा बांबोळी, आणि रिक्षापेक्षा १०८ बरी, आत ऑक्सिजन असतो. पैशाचं टेन्शन घेऊ नका, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचेही पैसे नाहीत.

जुना वेंगुर्लेकर:
आमच्या आजीच्या वेळी सगळे मिशनच्या दवाखान्यात जायचे, अमेरिकन डॉक्टर गोहीन होते. त्यांचा मुलगा १९१९ मधे वेंगुर्ल्यातच जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि नंतर अमेरिकेचा भारतातला राजदूत. विषयाला सोडून आहे, पण नवीन पोरांना माहीतच नसतं.
बाकी आईच्या शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला सरकारीतूनच घ्या. तेवढ्यात तोंडओळख होते, रात्री उपयोगी पडते.

डोंबिवलीकर:
सगळ्यांचे आभार, शनिवारी जाऊन विचारून येतो. आत्ताच बाबांना फोन केला, रात्री अंगणात बॅटरी घेऊन जाता ना? म्हणाले, चांदणं असतं की.

काजूवाली:
🙏 बॅटरी पार्सल करा आधी.