मदत हवी आहे: साधी गिटार महाग गिटारीची बरोबरी करू शकते का? (शनिवारच्या आत उत्तर हवे)

खाडीकाठचा (धागाकर्ता) – मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार. मला एका सरळ प्रश्नाचे सरळ उत्तर हवे आहे आणि ते शनिवारच्या आत हवे आहे. गेली चार वर्षे मी एका साध्या गिटारीवर शिकतो आहे. मागच्या महिन्यात पुण्याला एका मित्राकडे मार्टिन या अमेरिकी कंपनीची डी-१८ ही गिटार हातात आली आणि एरवी ज्या एफ कॉर्डसाठी (पहिल्याच घरात तारा दाबून एकत्र वाजवायच्या स्वरांसाठी) मला दात-ओठ खावे लागतात, तो तिच्यावर बोटे टेकताच वाजला. घरी येऊन स्वतःची गिटार उचलली, तेव्हा पत्र्याचा डबा बडवतो आहे असे वाटले. माझा मेहुणा शनिवारी न्यू जर्सीहून निघतो आहे. त्याला डी-१८ आणायला सांगायची की नाही, एवढेच ठरवायचे आहे. तिला तिकडे अडीच-तीन हजार डॉलर पडतात आणि तेवढ्यात घराची सगळी कौले बदलून होतील, असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे. वीस-पंचवीस हजारांची एखादी गिटार तसा आवाज देऊ शकते का? कृपया हो किंवा नाही एवढेच सांगावे.

सहावी_तार – मंगळवार, रात्री १०:४०

हो किंवा नाही म्हणण्यापुरतीही माहिती तुम्ही दिलेली नाही. सध्याची गिटार कोणती आहे? तिचा टॉप, म्हणजे तारांखालची पुढची फळी, अखंड लाकडाचा आहे की प्लायवूडचा? तारा शेवटच्या कधी बदलल्या? बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर) सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार फ्रेटपासून किती मिलिमीटर वर आहे? आणि तुम्ही राहता कुठे?

शिसवी_प्रेमी – मंगळवार, रात्री ११:०५

एवढी चौकशी कशासाठी, ते मला कळत नाही. डी-१८ आणाच. मार्टिन १८३३ पासून गिटारी बनवते आहे आणि तिथली माणसे काही उगाच तेवढे पैसे मागत नाहीत. माझ्याकडे २००९ पासून डी-२८ आहे. तिची पाठ आपल्याकडच्याच शिसवीची असते आणि त्या लाकडाचा खर्ज एकदा ऐकला की प्लायवूडची गिटार हातात धरवत नाही.

ध्वनिवेडी – बुधवार, सकाळी ७:३०

शिसवीची महती ऐकून ऐकून कान किटले आहेत, म्हणून लिहिते. लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच कारागिराने घडवलेल्या सहा गिटारी घेतल्या, सगळे माप सारखे ठेवले आणि फक्त पाठीचे व बाजूंचे लाकूड बदलले. त्यांत ब्राझीलची शिसवी, भारतीय शिसवी, मॅहोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड अशी लाकडे होती. ५२ वादकांनी मंद उजेडाच्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा लावून त्या वाजवल्या. त्यांनी दिलेल्या गुणांमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. डोळे झाकल्यावर शिसवीची मिजास उतरते, असा त्याचा अर्थ आहे.

शिसवी_प्रेमी – बुधवार, सकाळी ८:१०

ताई, तुम्ही त्या प्रयोगाकडून तो न सांगणारी गोष्ट वदवून घेता आहात. त्या सहाही गिटारी उत्तम कारागिराच्या हातच्या होत्या आणि सहाहींचा टॉप एकाच प्रकारचा होता. स्वस्त गिटार महाग गिटारीइतकी चांगली असते, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

ध्वनिवेडी – बुधवार, सकाळी ८:४५

ते मान्य आहे, पण मग पाठीच्या लाकडासाठी पैसे मोजू नयेत हे तुम्हीही मान्य करावे. आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश गिटार-कारागिराने १८६२ मध्ये एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. टॉप मात्र त्याने नेहमीसारखाच स्प्रूसच्या (एका सूचिपर्णी झाडाच्या) लाकडाचा आणि जिवापाड मेहनतीने केला होता, कारण आवाज कुठून येतो हे त्याला ठाऊक होते. म्हणून धागाकर्त्यांनी अखंड स्प्रूसच्या टॉपची गिटार पाहावी. यामाहाच्या एफ३१० चा टॉप लॅमिनेटचा, म्हणजे प्लायचा असतो आणि एफजी८०० चा अखंड. या दोघी शेजारी ठेवून वाजवल्या तर मला म्हणायचे आहे ते कानांनाच कळेल. अखंड टॉपपर्यंतची पायरी मोठी आहे. त्यापुढच्या प्रत्येक पायरीला पैसे दुपटीने लागतात आणि फरक मात्र निम्म्याने कमी होत जातो.

कायदेपंडित – बुधवार, दुपारी १:२०

शिसवीचा विषय निघालाच आहे म्हणून सावध करतो. २ जानेवारी २०१७ पासून ब्राझीलची सोडून शिसवीच्या सर्व जाती साइट्स कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि गिटार सीमेपार नेणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, परंतु ब्राझीलची शिसवी १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि तिला ही सूट लागू नाही. शिवाय एवढ्या किमतीचे वाद्य शुल्कमुक्त सामानाच्या मर्यादेत बसत नाही, त्यामुळे पावती जवळ ठेवून विमानतळावर सामान जाहीर करण्याच्या लाल मार्गिकेनेच बाहेर पडावे.

सहावी_तार – बुधवार, दुपारी १:५०

डी-१८ ची पाठ मॅहोगनीची असते, त्यामुळे शिसवीचा हा सारा परिच्छेद या धाग्याला लागू नाही. सीमाशुल्काचे तेवढे खरे आहे. धागाकर्ते, माझ्या पाच प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर अजून आलेले नाही.

खाडीकाठचा – बुधवार, रात्री ९:००

मी हो किंवा नाही विचारले होते आणि इथे तर माझीच उलटतपासणी चालली आहे. असो. गिटार मूळची भाच्याची. आतले लेबल त्याने लहानपणी खरवडून काढले आणि डोक्यावरचे नावही उडाले आहे, त्यामुळे कंपनी सांगता येत नाही. दीड वर्षापूर्वी एक तार तुटली, तेव्हा ती तेवढी बदलली. मी चिपळूणला राहतो, पण त्याचा आवाजाशी काय संबंध?

सहावी_तार – बुधवार, रात्री ९:३५

फार मोठा संबंध आहे. लाकूड दमट हवेत आडवे फुगते. पावसाळ्यात तुमच्याकडे महिनोन् महिने हवा ओली असते. गिटारीचा टॉप ब्रिजच्या (तारा अडकवायच्या लाकडी पट्टीच्या) मागे वर येतो, त्याबरोबर तारा उचलल्या जातात आणि एफ कॉर्डला बोटे दुखतात. संपूर्ण अखंड लाकडाच्या गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. तुमच्या घरात तिला जुलैमध्ये काय भोगावे लागेल, याचा विचार करा. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते यात जास्त टिकाव धरते. आवाज थोडा बांधल्यासारखा येतो, ही त्याची किंमत.

आता एक करा. गिटारीच्या भोकाच्या कडेला विजेरी लावून पाहा. वरच्या पृष्ठभागावरच्या लाकडाच्या रेषा कडेच्या जाडीतून तशाच आरपार खाली उतरत असतील, तर टॉप अखंड आहे; कडेला सँडविचसारखे थर दिसले, तर प्लाय आहे. मग स्टीलची पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंतचे अंतर मोजा. शेवटी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून एफचाच आकार एक घर पुढे धरून पाहा आणि काय वाटले ते लिहा.

संत्रानगरी – बुधवार, रात्री १०:१५

दमटपणावर माझा रामबाण उपाय म्हणजे गिटारीच्या पेटीत मूठभर तांदळाची पुरचुंडी ठेवणे. आमच्या नागपुरात प्रश्न उलटा आहे, मे महिन्यात माझ्या अखंड टॉपला ब्रिजपासून खाली चीर गेली. तरी पावसाळ्यात मी पुरचुंडी ठेवतोच.

ध्वनिवेडी – बुधवार, रात्री १०:३०

तांदूळ ठेवून माझ्या पेटीत टोके झाले होते आणि आर्द्रतामापकाचा काटा जागचा हलला नव्हता. बंद पेटी आणि आर्द्रता वाढली की शोषून घेणाऱ्या आणि घटली की सोडणाऱ्या पिशव्या, हाच उपाय आहे.

जवारीवाला – गुरुवार, सकाळी ६:५०

मी गिटार वाजवत नाही. माझा जन्म मिरजेत तंबोऱ्यांच्या गल्लीत गेला, म्हणून राहवले नाही. तंबोरा बोलेनासा झाला तर आमच्याकडे भोपळ्याला किंवा लाकडाला आधी कोणी दोष देत नाही. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढतात, तिचा माथा घासून जवारी (तार टेकते तिथला बारीक उतार) पुन्हा लावतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत आवाज उघडतो तिथे थांबतात. घोडीवर केसभर कमी-जास्त झाले तरी भारी तंबोरा मुका होतो आणि साधा तंबोरा गायला लागतो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यातही मला हा हातच मोठा वाटतो. तुमच्या गिटारीची जवारी कुणी पाहिली आहे का?

शिसवी_प्रेमी – गुरुवार, सकाळी ९:२०

काका, गिटारीला जवारी नसते. तिची तार सॅडलच्या (ब्रिजवर बसवलेल्या पातळ पट्टीच्या) कडेवरून स्वच्छ सुटावी लागते. पण तुमचा मुद्दा पोचला आणि मला तो फारसा आवडला नाही.

खाडीकाठचा – गुरुवार, रात्री ९:४५

मोजून पाहिले. कडेला तीन थर दिसतात, म्हणजे प्लाय आहे. बाराव्या फ्रेटवर सहावी तार ३.६ मिमी आणि पहिली २.८ मिमी वर आहे. कॅपो लावला तेव्हा मात्र चकित झालो, कारण तोच आकार एक घर पुढे मला जवळजवळ विनासायास वाजवता आला. मी चार वर्षे माझ्याच बोटांना शिव्या देत होतो.

सहावी_तार – गुरुवार, रात्री १०:०५

तुमच्या एफ कॉर्डचा चोर सापडला. कॅपोने नट (मानेच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचा असलेली पट्टी) बाजूला काढला आणि त्रास गेला, याचा अर्थ नटच्या खाचा उंच आहेत. पहिल्या घरात तार दाबायला वाजवीपेक्षा जास्त खाली न्यावी लागते. खाचा घासायला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते आणि एक घासा जास्त पडला की तार फ्रेटवर वाजते, म्हणून ते काम स्वतः करू नका.

सॅडल मात्र घरी उतरवता येईल. सहावी तार २.६ वर आणायची म्हणजे बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचा आहे आणि त्यासाठी सॅडलचे दोन मिलिमीटर जावे लागतात, कारण बारावा फ्रेट तारेच्या निम्म्यावर असतो. पहिली तार दोनच्या आसपास ठेवली, तर त्या बाजूला थोडे कमी घासावे लागेल. आधी कॅपो तसाच ठेवून सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर फट पाहा. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकले पाहिजे. फट जास्त असेल, तर आधी ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) पाव फेरा घट्ट करा. मग सॅडल काढून पेन्सिलने रेघ मारा आणि सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून फक्त खालच्या बाजूने घासा, वरचा माथा तसाच राहू द्या. तारा पूर्ण नव्या घाला, फॉस्फर ब्राँझच्या, बारा नंबरच्या.

शिसवी_प्रेमी – गुरुवार, रात्री १०:२०

हे सगळे करून ती डी-१८ होणार आहे का?

सहावी_तार – गुरुवार, रात्री १०:३२

नाही होणार. डी-१८ चा टॉप हलका आहे, त्यावरचा लाकर (पॉलिशचा थर) पातळ आहे, आतल्या पट्ट्या विचारपूर्वक तासलेल्या आहेत, आणि जोरात वाजवल्यावरही तिचा आवाज फाटत नाही. तो फरक खरा आहे आणि त्याचे पैसे पडतात. माझे म्हणणे एवढेच की त्या दिवशी पुण्यात धागाकर्त्यांच्या बोटांना जो फरक जाणवला, त्यातला बराचसा कुणीतरी नीट लावलेल्या गिटारीचा होता. तिच्या लाकडाशी त्यांची ओळख अजून व्हायचीच आहे.

खाडीकाठचा – शनिवार, पहाटे ५:५०

काल रात्री सॅडल उतरवला. पहिल्या प्रयत्नात एका बाजूने जास्त घासला गेला आणि पहिली तार खडखडू लागली. त्या टोकाखाली व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घालून वेळ निभावली आहे. नव्या तारा घातल्यावर आवाजातला पत्रा बराच गेला, पण डी-१८ चा खर्ज अजून कानातून जात नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मेहुण्याला तारांचे चार संच, आर्द्रतेच्या पिशव्या आणि एक हाडाचा सॅडल आणायला सांगितले आहे. अखंड टॉपची गिटार दिवाळीत मुंबईला धोबीतलावला स्वतः वाजवून पाहीन. आता प्रश्न नटचा उरला. चिपळूण ते रत्नागिरी या पट्ट्यात खाचा नीट घासून देणारा कोणी कारागीर माहीत असल्यास कळवावे.

जवारीवाला – शनिवार, सकाळी ७:१५

कुंभार्ली घाट उतरून माझा पुतण्या पुढच्या आठवड्यात चिपळूणला येतो आहे. तो सतारीचे काम करतो, पण त्याच्याकडे बारीक कानशी आहेत आणि हात हलका आहे. व्यक्तिगत निरोप पाठवा.

शिसवी_प्रेमी – शनिवार, सकाळी ७:४०

मेहुणे विमानतळावर पोचले का? तिकडे अजून शुक्रवारची रात्र आहे.