काबा ही दिशा आहे

"मुसलमान मक्केतल्या काब्याच्या भिंतीतल्या काळ्या दगडाचं चुंबन घेतात, मग मूर्तिपूजा वेगळी कशी?" या प्रश्नाला दुसरे खलिफा उमर यांनी खुद्द त्या दगडासमोरच उत्तर दिलंय. तू दगड आहेस, ना कुणाचं भलं करू शकतोस ना वाईट. पैगंबरांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही चुंबन घेतलं नसतं, असं ते म्हणाल्याचं हदीसमध्ये (पैगंबर व त्यांच्या साथीदारांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत) आहे. नमाज काब्याकडे तोंड करून पढतात, काब्याची नव्हे. आधी तर तोंड जेरुसलेमकडे असे, इ.स. ६२४ च्या सुमारास, मदिनेत असताना, ते मक्केकडे वळलं.

खरा पेच आपल्या नागपूरच्या ताजाबाद दर्ग्यात आहे. तिथले सूफी संत बाबा ताजुद्दीन १९२५ साली गेले, उर्साला आजही हिंदू-मुसलमान दोघंही जातात (आमची आईसुद्धा नवस फेडायला गेली होती). वलींच्या (संतांच्या) वसिल्याने, म्हणजे मध्यस्थीने, अल्लाहकडे मागणं सुन्नी मुसलमानांतल्या बरेलवी पंथाला मान्य आहे. अहले हदीस हा दुसरा पंथ मजारीवर जाऊन वलींना हाक मारण्याला सरळ शिर्क, म्हणजे अल्लाहशी दुसऱ्याला भागीदार ठरवणं, म्हणतो. पण कबरीपुढे सजदा (कपाळ टेकवणं) दोघांनाही नामंजूर. बरेलवी पंथाचे प्रणेते, बरेलीचे अहमद रझा खान यांनीच त्याविरुद्ध लिहून ठेवलंय, हे मला फार उशिरा कळलं.