प्राण्यांचे चित्रपुस्तक लहान मुलांसाठी योग्य आहे की नाही, हे कसे ठरवावे?

शाईदौत (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे आणि पुतण्या पाच वर्षांचा. दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवता येईल, असे प्राण्यांचे एक मोठे चित्रपुस्तक आम्हाला भेट मिळाले आहे. मुखपृष्ठावर ‘वय २ ते ६ वर्षे’ असे छापलेले आहे. कागद जाड आहे, रंग उठावदार आहेत आणि प्रत्येक पानावर एक प्राणी व त्याच्याविषयी चार-पाच ओळी अशी रचना आहे.

मुलांच्या हाती देण्यापूर्वी मी पुस्तक पूर्ण वाचले, तेव्हा काही गोष्टी खटकल्या. बहुतेक पाने माहितीपर आहेत; परंतु मध्येच काही पानांवर प्राणी कपडे घालून माणसांसारखे बोलतात. एका पानावर सिंहीण झेब्य्राला पकडत असल्याचे मोठे चित्र आहे. एका पानावर पेंग्विन आणि पांढरे अस्वल एकाच हिमखंडावर शेजारी उभे आहेत. शेवटी काही बटणे आहेत. ती दाबली की प्राण्यांचे आवाज येतात.

माझा प्रश्न केवळ या पुस्तकापुरता नाही. मुखपृष्ठावरच्या वयावर किती विसंबावे? इतक्या लहान वयात माहितीतल्या चुकांना खरोखर महत्त्व असते का, की चित्रे पाहून आनंद मिळाला म्हणजे पुरे? आणि शिकारीचे चित्र दाखवावे की ते पान वगळावे? मुलांबरोबर काम करणाऱ्या किंवा प्राण्यांचा अभ्यास असणाऱ्या सदस्यांनी आपले मत सविस्तर मांडावे, ही विनंती.

खडूफळा

मी बालवर्गाला शिकवते, त्यामुळे अशी पुस्तके निवडण्याचे काम वारंवार करावे लागते. मुखपृष्ठावरचे वय हा केवळ अंदाज असतो. दोन आणि सहा या वयांत मुलाचे पुस्तकाशी असलेले नाते पूर्णपणे बदलते. सुमारे नऊ महिन्यांचे मूल चित्रातली वस्तू बोटांनी उचलू पाहते. दीड वर्षाच्या पुढे ते तिच्याकडे बोट दाखवून नाव विचारू लागते. चार-पाच वर्षांचे मूल ‘असे का?’ हा प्रश्न घेऊन बसते. आपल्या घरातली दोन मुले या वाटेवर वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. त्यामुळे ‘पुस्तक योग्य आहे का?’ या प्रश्नाची उत्तरेही दोन असू शकतात.

अडीच वर्षांच्या मुलीसाठी मी सर्वप्रथम चित्र पाहीन. ओळी हाताने झाकाव्यात आणि केवळ चित्रावरून प्राणी ओळखता येतो का, ते पाहावे. प्राण्याचे संपूर्ण शरीर दिसते का? पाय गवतात लपलेले, शेपूट पानाबाहेर गेलेली आणि पार्श्वभूमीवर फुलाफुलांची नक्षी असे चित्र मोठ्यांना सुंदर वाटते. पण ज्या मुलाने तो प्राणी कधीच पाहिलेला नाही, त्याला त्यातून प्राण्याचा आकार वेगळा काढता येत नाही. आकारमानाचेही तसेच आहे. एका पानावर पानभर मुंगी आणि पुढच्या पानावर तेवढाच हत्ती असेल, तर लहान मूल जवळून काढलेले चित्र आणि मोठा प्राणी यांत फरक करू शकत नाही. चांगल्या पुस्तकात मुंगीखाली पान असते, हत्तीशेजारी झाड असते. तुलनेला काहीतरी आधार दिलेला असतो.

झडपा उघडणे, खेचायच्या पट्ट्या, पानातून उभी राहणारी चित्रे यांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा पुस्तकांची आणि साध्या पुस्तकांची तुलना केली गेली होती. साध्या पुस्तकांतून, आणि विशेषतः वास्तवदर्शी चित्रांतून, लहान मुले प्राण्यांविषयी अधिक शिकली. वर्गातही मला हेच दिसते. झडप उघडण्याच्या घाईत मूल प्राण्याकडे पाहतच नाही. ही पुस्तके खेळणी म्हणून जरूर असावीत. मात्र प्राण्याची पहिली ओळख त्यांतून होऊ नये, असे मला वाटते.

भाषेची परीक्षा एकच आहे: पान मोठ्याने वाचून पाहावे. जी वाक्ये वाचताना आपलीच जीभ अडखळते, ती ऐकणाऱ्याच्याही कानाला टोचतात. अपरिचित शब्दांची मात्र भीती बाळगू नये. ‘आयाळ’, ‘खूर’, ‘वशिंड’, ‘शेपटीचा गोंडा’ हे शब्द चित्रावर बोट ठेवून उच्चारले, तर अडीच वर्षांचे मूलही ते आनंदाने उचलते. ‘हा प्राणी खूप छान असतो’ अशा ओळींनी भरलेल्या पानातून त्याच्या हाती काहीच लागत नाही.

रानवाट

मी प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून चुकांच्या प्रश्नाबद्दल लिहितो. होय, चुकांना महत्त्व आहे, आणि या वयात तर अधिक आहे. कारण मोठा वाचक पुस्तकातली माहिती इतर माहितीशी पडताळून पाहतो, तर लहान मुलाजवळ पडताळण्यासाठी दुसरे काहीच नसते.

आपण उल्लेख केलेली पेंग्विन आणि पांढऱ्या अस्वलाची जोडी ही अशा पुस्तकांतली सर्वांत सामान्य चूक आहे. पांढरे अस्वल उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात राहते, तर पेंग्विन दक्षिण गोलार्धात. (गालापागोस बेटांवरील एक जात थेट विषुववृत्तापाशी राहते, म्हणजे सगळे पेंग्विन बर्फात राहतात, हेही खरे नाही.) निसर्गात या दोन प्राण्यांची गाठ पडत नाही. कोळ्याचे चित्रही नीट पाहावे. त्याच्या शरीराचे दोन भाग असतात आणि आठही पाय पुढच्या भागाला जोडलेले असतात. पुस्तकांत मात्र कित्येकदा सहाच पाय काढलेले असतात किंवा ते पोटातून फुटलेले दाखवतात. उंटाच्या वशिंडात पाणी साठवलेले नसते, चरबी असते. शहामृग वाळूत डोके खुपसत नाही. हत्ती सोंडेत पाणी ओढून घेतो खरा, पण ते सोंडेने पीत नाही, तोंडात सोडतो. व्हेलच्या डोक्यावरचे कारंजे म्हणजे तोंडातले पाणी बाहेर फेकणे नव्हे; तो तिचा उच्छ्वास आहे. चित्ता आणि बिबट्या यांची चित्रे तर सर्रास अदलाबदल होऊन छापली जातात. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते आणि अंगावर भरीव ठिपके असतात, तर बिबट्याच्या अंगावर फुलासारख्या पोकळ खुणा असतात.

मात्र प्रत्येक त्रुटी सारख्या वजनाची नसते. रंग थोडा गडद झाला, डोळे थोडे मोठे काढले, पिसांची संख्या कमी केली, तर त्यात काही बिघडत नाही. ते चित्रकाराचे स्वातंत्र्य आहे. कोण कुठे राहतो, काय खातो, त्याला किती पाय असतात, तो अंडी घालतो की पिलांना जन्म देतो, या बाबतींत चूक असेल तर मी ते पुस्तक बाजूला ठेवतो. कारण पुढे शाळेत शिकायची सगळी रचना याच गोष्टींवर उभी राहते. पालकांसाठी एक सोपी पद्धत सुचवतो. आपल्याला स्वतःला नीट माहीत असलेले तीन-चार प्राणी निवडावेत आणि फक्त तीच पाने काळजीपूर्वक तपासावीत. ओळखीच्या प्राण्यांबद्दल जे पुस्तक निष्काळजी आहे, ते अनोळखी प्राण्यांबद्दल काळजी घेत असेल, असे मानण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दात विचकून ‘हसणारा’ चिंपांझी पाहून मोठ्यांनाही गंमत वाटते. परंतु चिंपांझी असा चेहरा बहुधा घाबरल्यावर किंवा दबावाखाली असताना करतो. छायाचित्रांच्या पुस्तकांत अशी चित्रे दिसली, तर छायाचित्र खरे असूनही पान चुकीचे शिकवते.

कपडे घातलेल्या प्राण्यांविषयी: टोरांटो विद्यापीठातील पॅट्रिशिया गनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अपरिचित प्राण्यांचे वर्णन माणसासारखे गुण देऊन केले, तेव्हा मुलांनी खऱ्या प्राण्यांनाही ते गुण अधिक प्रमाणात चिकटवले आणि त्यांतल्या लहान मुलांना त्या प्राण्यांविषयीची खरी माहिती कमी कळली.

रेषारंग

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतो. वरील दोन्ही प्रतिसाद मौलिक आहेत. तरीही कपडे घातलेल्या प्राण्यांच्या बाजूने थोडे बोलणे मला आवश्यक वाटते. बोलणारे कोल्हे, कावळे आणि ससे ही आपल्या गोष्टींची फार जुनी परंपरा आहे. पंचतंत्रातले प्राणी हे प्राण्यांची माहिती देण्यासाठी आलेले नाहीत. ते माणसाच्या स्वभावाबद्दल बोलतात, आणि मुलांनाही बऱ्याच अंशी ते समजते. अशी गोष्ट मुलाच्या आयुष्यातून काढून टाकणे हे मोठे नुकसान ठरेल.

आपल्या पुस्तकाचा खरा दोष मला दुसरीकडे दिसतो. ते एका पानावर माहितीचे पुस्तक आहे आणि दुसऱ्या पानावर गोष्टीचे, परंतु कोणते पान कोणते, याची खूण त्याने कुठेच दिलेली नाही. गोष्टीच्या पुस्तकात पहिल्या ओळीपासूनच सूर ठरतो आणि मूल त्या जगात शिरते. इथे मात्र ‘जिराफाची मान लांब असते’ या वाक्यानंतर लगेच ‘अस्वल टोपी घालून कामाला जाते’ असे वाक्य त्याच गंभीर सुरात येत असेल, तर मुलाने दुसऱ्यावर अविश्वास का ठेवावा? चित्रशैलीने तरी हा फरक दाखवायला हवा होता. आम्ही चित्रकारांनी ही जबाबदारी स्वीकारायला हवी, असे मी मनापासून मानतो.

छायाचित्रे चित्रांपेक्षा नेहमीच श्रेष्ठ, हेही मला मान्य नाही. छायाचित्रात सावली पडते, अर्धे अंग झाकले जाते, कॅमेऱ्याच्या कोनामुळे पाय आखूड दिसतात. अभ्यासपूर्वक काढलेल्या चित्रात खुरांची ठेवण आणि कानांचा आकार एका दृष्टिक्षेपात समजतो. प्रश्न छायाचित्र की चित्र हा नसून, काढणाऱ्याने प्राणी नीट पाहिला आहे की नाही, हा आहे.

शाईदौत

सर्वांचे आभार. माहितीची आणि गोष्टीची पाने मिसळली आहेत, हे आता स्पष्टपणे दिसते. शिकारीच्या पानाबद्दल आणि आवाजाच्या बटणांबद्दल कोणी सांगू शकेल का? सिंहिणीच्या चित्रात रक्त दाखवलेले नाही, परंतु झेब्य्राच्या डोळ्यांतली भीती अगदी ठळक काढली आहे.

नाडीपरीक्षा

मी बालरोगतज्ज्ञ आहे. बटणांचा मुद्दा प्रथम घेते, कारण तो सर्वांत तातडीचा आहे. आवाज करणाऱ्या पुस्तकांत बहुधा चपट्या, गोल बटण-बॅटऱ्या असतात. अशी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आतही तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. म्हणून बॅटरीचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले आहे का, ते आजच तपासावे. नुसते सरकवून उघडणारे झाकण असेल, तर पुस्तक मुलांच्या हाताला लागू देऊ नये. बॅटरी गिळल्याची केवळ शंका आली तरी मुलाला उलटी करायला लावू नये आणि विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

दुसरी बाब सहसा कोणी तपासत नाही. पुस्तकातले मूल प्राण्यांशी कसे वागते, ते पाहावे. अनोळखी कुत्र्याच्या गळ्यात हात घालणारे, त्याच्या ताटलीजवळ तोंड नेणारे, किंवा अस्वलाला मिठी मारणारे मूल चित्रात गोड दिसते. लहान मुलांची उंचीच अशी असते की कुत्रा चावला तर जखम बऱ्याचदा चेहऱ्यावर किंवा मानेवर होते. मुले चित्रातल्या मुलाचे अनुकरण करतात, म्हणून अशी पाने असलेले पुस्तक मी कोणालाही सुचवत नाही.

खडूफळा

शिकारीच्या पानाबद्दल: ते फाडू नये, चिकटवूनही टाकू नये. पाच वर्षांच्या मुलाला ‘सिंहीण काय खाते?’ हा प्रश्न पडणारच आहे, आणि त्याचे खरे उत्तर पुस्तकात असणे हा पुस्तकाचा गुण आहे. त्याच्याबरोबर ते पान वाचताना आवाज नाट्यमय करू नये. सिंहिणीला बछडी आहेत, झेब्रे कळपाने राहून सावध राहतात आणि बरेचदा निसटूनही जातात, एवढे शांतपणे सांगावे. मेलेला प्राणी परत उठत नाही, ही समज साधारणपणे पाच ते सात या वयांत पक्की होत जाते. त्यामुळे त्याने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तर प्रत्येक वेळी तेच सरळ उत्तर द्यावे.

अडीच वर्षांच्या मुलीला मात्र हे पान सध्या दाखवू नये. तिला चित्रातल्या दोन प्राण्यांमधला संबंध समजणार नाही. झेब्य्राचे डोळे तेवढे तिच्या लक्षात राहतील. दोघांना एकत्र वाचून दाखवण्याऐवजी याच पुस्तकातली सहा-सात पाने तिच्यासाठी निवडून ठेवावीत आणि उरलेले पुस्तक पुतण्याबरोबर वेगळे बसून वाचावे. पेंग्विन आणि अस्वलाचे पान त्याच्यापुढे जरूर उघडावे आणि हे दोघे एकत्र राहत नाहीत, हे पृथ्वीच्या गोलावर दोन्ही टोके दाखवून सांगावे. पाच वर्षांच्या मुलाला पुस्तकातली चूक पकडायला फार आवडते.