समृद्धीत जमीन मालकाची गेली, कसणाऱ्याला काही मिळतं का?

जालनेकर_पोरगा
आमचं गाव बदनापूर पट्ट्यात. वडील एका शेतकऱ्याची पाच एकर निम्म्या बटईनं करायचे. बी-खत अर्धं अर्धं, राबणं आमचं. 2017 नंतर ती जमीन समृद्धी महामार्गात गेली. मालकाला पाचपट मोबदला मिळाला. मिळायलाच हवा होता, त्यानं पोटात दुखत नाही. पण खरेदीखत झाल्यावर आम्हाला निरोप आला तो एवढाच : कापूस उपटून घ्या.

पुढचं कुणी बोलत नाही. पैसे आलेल्यांनी शेजारच्या गावांत जमिनी घेतल्या, भाव चढले. उरलेली जमीन बटईनं द्यायला कुणी तयार नाही, सगळ्यांना पाडव्यालाच ठोक्याची, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या भाड्याची, रोकड हवी. ती आणायची कुठून? बैल विकले. आई जीपमध्ये दाटीवाटीनं बसून परगावी निंदायला जाते. सप्त्याची पट्टी घरटी शंभर होती ती पाचशे झाली. बंगल्याला पाचशे, आमच्या पत्र्यालाही पाचशे. आणि त्या रस्त्यावर आमची मोटारसायकल चालत नाही, दुचाकीला बंदी.

सातबाऱ्यावर वडिलांचं नाव नाही. कायद्यानं काही हक्क लागतो का?

तारीख_पे_तारीख
कागदावर लागतो. 2013 च्या भूसंपादन कायद्यात तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेलं भूमिहीन कुटुंब, बटईदारसुद्धा, बाधित धरलंय. नोकरी, नाहीतर एकरकमी 5 लाख, नाहीतर 20 वर्षं महिना किमान 2000, असे पर्याय आहेत. गोम अशी, की समृद्धीची बहुतेक जमीन थेट खरेदीनं घेतली. ग्रामीण गुणांक 2 म्हणजे बाजारभावाच्या दुप्पट, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम म्हणजे चौपट, आणि संमतीनं दिली म्हणून वर 25 टक्के. ती संमती मालकाची, सहीही त्याचीच. त्यामुळे तुमची वाट अवघड. तरी पीकपाहणीचे, म्हणजे जमीन कोण कसतं त्या नोंदीचे, जुने उतारे काढा. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क येईल, या भीतीनं मालक नाव येऊ देत नाहीत, पण चुकून आलं असेल तर सोडू नका.

माहेरवाशीण_सिंदखेडराजा
मालकाच्या घरात तरी सगळ्यांना कुठं मिळालं? 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा भावाइतकाच. मोबदल्याची कुणकुण लागली तसा माझा भाऊ साडी घेऊन दारात हजर. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात हक्कसोड. सही नाही केली तर माहेर तुटतं, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. केली सही.

गायरान
तुम्ही अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध, दारिद्र्यरेषेखालचे असाल तर समाजकल्याणला भूमिहीनांना जमीन देणाऱ्या दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेचं विचारा. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, 2018 पासून पूर्ण अनुदान, वयाची अट साठपर्यंत. फक्त दराला मर्यादा आहे : जिरायत एकरी 5 लाख, बागायत 8. इंटरचेंजजवळ त्या भावात कुणी बांधही देणार नाही, आतल्या गावांत शोधा.

जालनेकर_पोरगा
आम्ही त्यात बसतो. पण वडिलांनी साठी ओलांडली. आई अठ्ठावन्नची आहे, तिच्या नावानं अर्ज चालेल का? भोकरदनकडे कुणी जिरायत विकत असेल तर कळवा. विहीर नसली तरी चालेल.